तीन कॉम्प्युटर आणि पोचट दाणे

माय, तू मला विसरलीच असशील. तुझा काय भरवसा? जिवंत होतीस तेव्हा चुलीवर भात ठेवून वावरात निघून जायचीस आणि परत येऊन मलाच विचारायचीस, "कोणाचा भात जळून राहिला वो?" आपलाच, माय, दरवेळी आपलाच. म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझी मधली पोरगी, दरेकशाच्या घरातली, जिच्या हातून पाण्याचं मडकं दोनदा फुटलं आणि दोन्ही वेळा जिनं बकरीचं नाव सांगितलं. आता मी सत्तरीच्या पुढं गेली. तू गेलीस तेव्हा तुझं वय माझ्याहून कमी होतं, म्हणजे हिशेबानं आता तूच मला मान द्यायला पाहिजे. लिहून घेते माझी नात. मी खाटेवर बसून बोलते, ती मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करते. म्हणाली, "आजी, तुझं बोलणं थोडं नीट करून लिहू का?" मी म्हटलं, कर, पण इतकं नीट नको करू की माझ्या मायला वाटेल कोणी दुसरीच बोलून राहिली.

बातमी अशी की तुझी ही पणती डॉक्टर झाली. सुई टोचणारी नाही, पुस्तक लिहिणारी. हे मी गावात किती वेळा सांगितलं, तरी बाया अजून गुडघे दाखवायला येतात आणि ही बिचारी "शेकून घ्या काकू" म्हणून त्यांना वाटेला लावते. आणि अभ्यास केला कशावर, तर आपल्या जुन्या धानावर. हसू नको. लुचई, हिरानक्की, दुबराज, गुरमटिया. आपण पेरलं, कांडलं, खाल्लं आणि ज्याच्याविषयी आपल्याला कधी कोणी एक शब्द विचारला नाही, त्या धानावर हिनं नागपूरच्या विद्यापीठात चार वर्षं घातली. सालेकशापासून चिचगडपर्यंत आणि तिकडे प्रतापगडच्या पायथ्याच्या गावांपर्यंत फिरली. म्हातारी माणसं गाठायची, मोबाइल समोर ठेवायचा आणि विचारायचं, कोणतं धान कोणत्या बांधीत पेरायचं, बाळंतिणीला कोणता भात, पाहुण्याला कोणता, पाणी कमी पडलं तर कोणतं तगतं. माणसं आधी लाजायची, मग बोलायला लागली की थांबायची नाहीत. चहा थंड, ही भुकेली, आणि म्हातारा अजून बियाण्यापर्यंतच पोचलेला.

हे सगळं ती कॉम्प्युटरमधल्या एका कपाटात ठेवायची. कपाट म्हणजे लाकडाचं नाही, आतलंच. त्यात नावांची लांब यादी. कोणी सांगितलं, कोणत्या गावी, कोणत्या जुन्या कागदात काय छापलं, हे नावात. आणि नावाच्या मागं जोडलेली खरी वस्तू: म्हाताऱ्याचा आवाज, कागदाचा फोटो, शिकलेल्या लोकांचे लेख. घरी छपरीत एक मोठा, ढेरपोट्या कॉम्प्युटर होता, तिच्या बापानं, म्हणजे माझ्या पोरानं, गोंदियाहून जुनाच आणलेला. गावोगावचं आणलेलं सगळं ती आधी त्याच्यातच भरायची. दुपारी मी बाजूला बसून सुपात तांदूळ निवडायची आणि ती कपाटात नावं लावायची. नावं मला काय कळणार? काळ्या मुंग्यांची रांग. पण प्रत्येक नावाच्या उजव्या अंगाला एक बारीक निळा ठिपका असायचा, तो मला आवडायचा. एकदा विचारलं, "हा दाणा कशाचा वो?" ती म्हणाली, "आजी, ठिपका भरलेला असला म्हणजे या नावाच्या मागं फाईल खरंच आहे." "अन् नसली तर?" "तर नुसतं गोल दिसते, आतून रिकामं." "म्हणजे पोचट." ती हसली. "हो, पोचट." तेव्हापासून तिनं नवं काही भरलं की मी एकदा मान वर करून दाणा पाहून घ्यायची. सवयच ती, सुपापुढं बसणाऱ्या बाईची.

ही सवय कोणी लावली ते तू विसरली असशील, मी नाही विसरली. मी दहा-अकरा वर्षांची आहे. डोंगरापलीकडची मावशी आली आहे, तिच्या ढोलीत पाणी शिरून बियाणं कुजलं म्हणून आपल्याकडून लुचई न्यायला. तू मला गाठोडं भरायला पाठवतेस. चांगला ढीग आत, अंधारात. उडवणीनंतर मागं पडलेला ढीग दाराशी. मी दाराशीच भरते, कारण बाहेर पोरी बिट्ट्या खेळत आहेत. तू मावशीसमोर गाठ सोडतेस, परातीत पाणी घेतेस आणि मूठभर धान टाकतेस. सगळं वर. परातभर धान असं तरंगतं जसं त्याला पोहायलाच शिकवलं होतं. तू मारत नाहीस, मारलं असतंस तर बरं होतं. मावशीकडे पाहून म्हणतेस, "पाह्य, नाव लुचईचं अन् आत वारा! हे पेरून तिच्या बांधीत काय उगवन, तुहं नाक?" आणि मग मला, "डोळ्यानं भुलू नको. दाबून पाह्य." त्या दुपारी मी आतल्या ढिगातला दाणा न् दाणा नखात दाबून बघते. अंगठा तीन दिवस दुखला. मावशी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, त्याचाही मला रागच आला होता.

आता ऐक. पोरीला शिष्यवृत्ती मिळाली आणि तिनं लॅपटॉप घेतला. नागपूरला तिच्या विभागात आणखी एक कॉम्प्युटर होता. म्हणजे झाले तीन. ती मला मोठ्या आनंदानं सांगायची, "आजी, कपाट एकच, पण तिन्ही ठिकाणी उघडते. इथं ठेवलेलं तिथं आपोआप जाते." याला ते सिंक होणं म्हणतात. मला बरं वाटायचं. बियाणं एका घरी ठेवू नये हे तर आपल्याला ठाऊकच होतं. मग एका दिवाळीनंतर धान घरात आलं, पोती ठेवायला जागा नाही, आणि मी डोकं खाऊ लागली की हा डबा छपरीतून काढा, लॅपटॉप आहे ना आता. मीच, माय. चार दिवस एकच भुणभुण. शेवटी पोराला गोंदियात एक दुकानदार मिळाला, जुना कॉम्प्युटर घेऊन प्रिंटर देणारा. तो डबा साफ करून, पुन्हा भरून दुसऱ्या कोणाला विकणार होता. पोरानं सकाळच्या पहिल्या गाडीला डबा पोत्यात बांधून नेला. छपरी मोकळी झाली. मी झाडून घेतली आणि खूश झाली.

तासाभरानं पोरगी माझ्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली. "पाह्य आजी, डब्यात होतं ते सगळं इथं आलं. सगळी नावं." आणि मुंग्यांची रांग माझ्यासमोर सरकवू लागली. मी चष्मा लावला.

"पोरी, हे पोचट आहे."

"काय पोचट?"

"दाणे. वरचे दोन-चार भरले, खालचे सारे रिकामे."

"आजी, ही स्क्रीन वेगळी आहे ना, रंग फिका दिसते."

"मी रंगाचं म्हणून राहिली का? दाबून पाह्य."

ती हसत हसत एका नावावर दाबते. प्रतापगडकडच्या एका म्हाताऱ्याचं नाव, ज्यानं तिला सहा तऱ्हेची धानं डोळे मिटून नुसत्या वासावरून ओळखून दाखवली होती. आवाज येत नाही. मधोमध एक चौकोन येतो, त्यात इंग्रजी. "काय म्हणते?" "फाईल सापडली नाही म्हणते." दुसऱ्यावर दाबते. तोच चौकोन. तिसऱ्यावर. मग दाबायचं थांबते. हसू कुठं गेलं कळलं नाही. म्हणाली, "फायली जाणं मीच बंद केलं होतं, आजी." झालं असं होतं की आमच्याकडे तेव्हा नेट यायचं ते कॉम्प्युटरला खोचायच्या एका काडीतून, तेही रुसलेल्या जावयासारखं, दाराशी येऊन परत जाणारं. आवाजाच्या फायली जड. त्या जायला लागल्या की काडीतलं महिन्याचं नेट दोन दिवसांत संपायचं. म्हणून तिनं दोन वर्षांपूर्वी घरच्या डब्याला सांगून ठेवलं होतं, नुसती नावं जाऊ दे, फायली नको. मोठं नेट आलं की पाहू. आणि विसरली. नागपूरला ती यादीवरूनच लिहायची, ऐकायचं-पाहायचं ते घरी आल्यावर डब्यावर. त्यामुळे दोन वर्षं नावं तीन घरी नांदत होती आणि धान एकाच घरी पडून होतं. हा विसरण्याचा गुण कोणाचा, ते मी तिला सांगितलं नाही. तुझी बाजू मी नेहमीच सांभाळते.

म्हणजे चार वर्षांतलं जे खरं होतं ते त्या डब्यात, आणि डबा गोंदियाच्या दुकानात साफ व्हायला गेलेला. बापाला फोन लावला तर लागेना. जंगलातून जाणाऱ्या गाडीत फोन लागतो कुठं. पोरगी चपला घालू लागली. मीही लुगड्याचा पदर खोचला. "तू घरी राय, आजी." "काऊन? डबा काढा म्हणून मीच कोकलत होती ना? आता आणायलेही मीच येते." काळीपिवळी जीपमध्ये बसलो, देवरीला उतरून दुसरी धरली. वाटभर ती अंगठ्याचं नख खात होती. एकदाच म्हणाली, "आजी, ते प्रतापगडचे आजोबा उन्हाळ्यातच गेले. बाकीचे पण चार-पाच." मी जन्मभर प्रत्येक गोष्टीला काही ना काही उलटं बोलली, तुला माहीत आहे. त्या गाडीत मात्र तिचा अंगठा तोंडातून काढला. तिचा हात धरून बसली. ते सगळे तुझ्याकडेच आले असतील. भेटले असतील तर विचार, पोरगी किती मन लावून ऐकायची.

दुकान म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना पोटं फाडलेले डबे, तारा लोंबणाऱ्या. गोंदियात मराठीत सुरू केलं तरी उत्तर हिंदीत येतं, म्हणून मी आधीच हिंदीत शिरली. "भैया, सुबह का डब्बा किधर है?" दुकानदार म्हणाला, "कौन सा डब्बा, अम्मा? यहाँ तो सब डब्बेच हैं." पोरगी एकेकाला वाकून पाहू लागली, सगळे एकाच आईची लेकरं असल्यासारखे. पण दसऱ्याला आपण नांगराला, विळ्याला, सुपाला हळदकुंकू लावतो तेव्हा मी या डब्यालाही दरवर्षी लावलं होतं, पोरीनं "वायरवर नको" म्हणून ओरडत असताना. टेबलावर एक डबा होता, तार जोडलेली, आणि त्याच्या कपाळावर माझं पिवळं बोट. "ये मेरा!" मी जाऊन त्याला मिठी मारली. दुकानदार घाबरला. "अरे दादी, इसको तो अब साफ करने लगा रहा था." "किया क्या?" "अभी नहीं किया." "तो मत कर. जब तक मेरी नातिन का माल नहीं निकलता, मैं इधरच बैठती." "बैठो दादी, पर उसके ऊपर मत बैठो, टूट जाएगा!" तेवढ्यात माझा पोरगा जेवून, हात पुसत दुकानात शिरला. "माय? तू इथं काऊन?" "तुह्या पोरीचं धान न्यायले."

माणूस चांगला निघाला. मला स्टूल दिलं, पोरीला तार आणि एक छोटी डबी दिली, आणि आपलं काम बाजूला ठेवून तिच्या मदतीला बसला. डब्यातून डबीत, डबीतून लॅपटॉपमध्ये. एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी नजर हलवली नाही. दिवेलागणीला पोरीनं कपाट पुन्हा उघडलं आणि माय, दाणे भरले होते. वरून खालपर्यंत. पोटरीतलं धान दूध धरून घट्ट होतं ना, तसे. दुकानदार म्हणाला, "हो गया दादी, अब तो उठो." मी म्हटलं, दाबून पाह्य. पोरीनं त्याच म्हाताऱ्याच्या नावावर दाबलं. आधी खोकला आला. मग दुकानभर आवाज, "चालू आहे का वो पोरी ते यंत्र? का मी उगाच बोलून राहिलो?" दुकानदार हसला, पोरगा हसला. पोरगी रडली. मी नाकाला पदर लावला, दुकानात धूळच फार होती.

डबा आम्ही परत आणला. प्रिंटर गेला उडत. धानाची पोती माझ्या खाटेखाली लागली, आणि मी महिनाभर तोंडातून ब्र काढला नाही. तिच्या बापानं मोठं नेट घेऊन दिलं, तिनं ती बंद केलेली गोष्ट चालू केली आणि फायली हळूहळू नागपूरलाही पोचल्या. पण त्या दिवसापासून ती गावी आली की लॅपटॉप आधी माझ्यापुढं ठेवते. "आजी, दाणे पाह्य." मी सुपातल्यासारखी नजर फिरवते आणि पोचट असेल तिथं बोट ठेवते. वाचता येणारी माणसं नाव वाचतात आणि पुढं जातात. मला नाव दिसतच नाही, म्हणून मला दाणाच दिसतो.

तिची शेवटची परीक्षा होती, तोंडी, तेव्हा मलाही नागपूरला नेलं. विभागातल्या कॉम्प्युटरसमोर मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची पळून जायला पाहत होती, मी पाय रोवून बसली. यादी खालपर्यंत पाहिली आणि म्हटलं, "इथं दोन पोचट आहेत." तिचे सर चष्मा वर करून आले. खरंच दोन होते. कोणीतरी आदल्या आठवड्यात टाकलेले, पण अर्धेच गेलेले. "आजी, तुम्हाला वाचता येतं?" "नाही जी. दाणा भरला का नाही, तेवढं दिसते." मग पोरीनं त्यांना तुझी परात, तुझं पाणी, तुझं बोलणं सांगितलं. सरांनी बाहेरून आलेल्या मोठ्या परीक्षकांना सांगितलं. मला बशीवाल्या कपात चहा आला, सोबत दोन बिस्किटं. आणि आता त्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. पोरीनं वाचून दाखवला: "नाव लुचईचं अन् आत वारा. दाबून पाह्य." तुझं बोलणं, माय. विद्यापीठाच्या भिंतीवर. तू तर आपल्या घराच्या भिंतीवर शेणाचा हातही सरळ मारत नव्हतीस.

पुस्तक छापून आलं ते जाड, निळ्या पुठ्ठ्याचं, वर सोन्याची अक्षरं. छपरीत शेजारपाजारच्या बाया जमल्या आणि पोरीनं पहिलं पान वाचलं. "माझ्या आजीला, जिला कधी शाळेत पाठवलं नाही, पण जिनं माझं शिक्षण वाचवलं." बायांनी डोळे पुसले, मीही पुसले. हे तिला सांगितलं होतं कोणी? मीच. ती लहान असताना शाळेत जायला रडायची, तेव्हा मी म्हणायची, "मले माझ्या मायनं शाळेत घातलं नाही, पाह्य कशी राहिली, तू तरी जा." तिनं ऐकलं, गेली, आणि जपून ठेवलं.

आता तुला सांगते. तू मला दोनदा हाताला धरून शाळेत नेलं होतंस. पहिल्यांदा मी मास्तरांची पाठ फिरताच मागून पळाली. दुसऱ्यांदा मोहफुलं गळायचे दिवस होते. पळाली आणि टोपलीभर फुलं वेचून घरी आली, म्हणजे तू मारणार नाहीस म्हणून. तू मारलं नाहीस. टोपली उतरवून घेतलीस आणि म्हणालीस, "तुले जायचं असन तवा सांग, मी नेईन." मी कधी सांगितलं नाही. तू वाट पाहत होतीस की विसरलीस, ते मी आजवर विचारलं नाही. आणि 'कधी शाळेत पाठवलं नाही' म्हणणारं ते पान आता तिन्ही कॉम्प्युटरांवर आहे, विद्यापीठाच्या कपाटातही आहे. मीच तपासलं, सगळीकडे नीट पोचलं.

पोरीनं टाइप करायचं थांबवलं. "आजी, खरं?" मी म्हटलं, लिही. म्हणाली, "आता ते पान बदलता येत नाही, जमा झालं." मी म्हटलं, राहू दे, माझी माय माझ्यासाठी इतकं तर सोसन. मग विचारते, "हे पत्र कपाटात ठेवू? सगळीकडे जाईल." नको. हे या एकाच ठिकाणी राहू दे. पाठवायचं बटण बंद कर, आणि यावेळी विसरून चालू करू नको.

म्हणजे माय, हे तुझ्याकडे येणार नाही. तूही उत्तर पाठवू नको. मला वाचता येत नाही, आणि हिच्याकडून वाचून घ्यायची आता लाज वाटते. पाठवायचंच असेल तर मोहफुलाचे लाडू पाठव. तीळ भाजून घाल, आणि बारीक कुट, माझे दात राहिले नाहीत.